ओठावरचा फोड भलत्या ठिकाणी गेला तर

दरवर्षी मे महिना अर्धा सरला अन् नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आला की माझ्या खालच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यात चुरचुरायला लागतं, आणि मला कळून चुकतं की उद्या सकाळी आरशात बारक्या फोडांचा घोस दिसणार. जागा ठरलेली आहे, इकडची तिकडं होत नाही. मग आठ-दहा दिवस तर्री पोहे बंद, कैरीचं पन्हं बंद (लागलं की डोळ्यातून पाणीच येतं), आणि दुपट्टा तोंडाला बांधलेला तसाच दुकानातही ठेवायचा, कारण गिऱ्हाईक आधी ओठाकडं बघतं मग चिठ्ठी पुढं करतं. मी फार्मासिस्ट आहे, नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला एका मेडिकलमध्ये काउंटरवर उभं राहून पंधरा वर्षं झाली. डॉक्टर नाही, त्यामुळं इथं कोणाला औषध सांगत नाहीये. पण या एका फोडाबद्दल लोक जे बोलतात अन् जे बोलत नाहीत, ते रोज ऐकून ऐकून वाटलं की एकदा नीट लिहून काढावं.

लोक काय बोलतात, तर "ताई, अंगातली गर्मी बाहेर निघाली," "रात्री तोंडावरून कोळी फिरून गेला असंन," "ताप ओठावर निघाला." तिसरं त्यातल्या त्यात बरोबर आहे, कारण ताप आल्यावर हा फोड खरंच उठतो. पण कोळी बिचारा निर्दोष आहे. हा हर्पीस सिम्प्लेक्स नावाचा व्हायरस. आणि हे नाव ऐकलं की निम्मे लोक म्हणतात "म्हणजे नागीण ना?" नाही बाप्पा! नागीण वेगळी. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर, लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या असतात त्याचाच व्हायरस म्हातारपणी किंवा अशक्तपणात परत उठतो अन् कमरेला, छातीला एका बाजूनं पट्टा ओढतो. दोघं एकाच खानदानातले, चुलत भाऊ म्हणा, पण माणसं दोन. नावाची एक गंमत मात्र आहे. हर्पीस हा शब्द ग्रीक, अर्थ सरपटणं, आणि भाषेचे जाणकार सांगतात की तो आपल्या संस्कृतातल्या सर्पाच्याच धातूचा भाऊ आहे. म्हणजे ग्रीकांना अन् आपल्या आजीला दोघांनाही तो आजार बघून सापच आठवला. फक्त नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस मरतो वगैरे जे सांगतात ते नागिणीलाही लागू नाही अन् या ओठावरच्या फोडाला तर नाहीच नाही.

आता हर्पीस सिम्प्लेक्सचेही दोन प्रकार, एक नंबर अन् दोन नंबर. एक नंबर बहुतेक तोंडाकडचा, दोन नंबर बहुतेक कमरेखालचा, पण दोघंही एकमेकांच्या इलाक्यात जातात. डब्ल्यूएचओचा अंदाज असा की जगात ५० वर्षांखालच्या दर १०० माणसांत ६४ जणांच्या अंगात एक नंबर आहे, आणि १५ ते ४९ वयातल्या दर १०० मध्ये १३ जणांच्या अंगात दोन नंबर. म्हणजे सिटी बसमध्ये तुमच्या आजूबाजूला बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोक हा व्हायरस घेऊन फिरत असतील अन् त्यातल्या बऱ्याच जणांना आयुष्यात एक फोड उठलेला नसतो. लागतो तो बहुतेक लहानपणीच, कोणीतरी पापा घेतला, कोणाचा उष्टा चमचा तोंडात गेला. याच्यात चारित्र्याचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण नाव ऐकल्यावर काही नवरा-बायकोंमध्ये काउंटरवरच एकमेकांकडं बघण्याचा जो प्रकार होतो तो मी पाहिलेला आहे.

एकदा अंगात शिरला की तो जात नाही. कुठं राहतो? आपल्या चेहऱ्याची जी मोठी नस आहे तिची एक गाठ कवटीच्या तळाशी, कानाच्या साधारण पुढच्या बाजूला आत असते, तिथं तो झोपून राहतो. आपल्या घरचा कूलर बघा, दिवाळीनंतर माळ्यावर टाकला की मार्चपर्यंत त्याचा आवाज नाही, पाणी नाही, काही नाही, पण तो घरातच आहे अन् ऊन वाढलं की खाली येणारच. तसंच. ऊन, ताप, जागरण, परीक्षेचं टेन्शन, पाळी, एखादं ऑपरेशन किंवा दाताचं काम, यातलं काही झालं की तो जागा होतो अन् नसेच्या तारेवरून चालत कातडीपर्यंत येतो. म्हणून जागा तीच तीच. आणि नागपूरचं ऊन म्हणजे त्याला आमंत्रणच, ४५-४६ डिग्रीत भर दुपारी टू-व्हीलरवर फिरलं की कातडीवर पडणारे अतिनील किरण त्याला उठवतात. त्यामुळं दुपट्टा नुसती फॅशन नाही.

त्या गाठीतून तीन फांद्या निघतात. नागपूरच्या झिरो माईलच्या खांबावरून जशा रस्त्यांच्या दिशा फुटतात तशी एक फांदी कपाळ अन् डोळ्याकडं जाते, एक गालाकडं अन् वरच्या ओठाकडं, एक खालच्या जबड्याकडं. झोपायची जागा मात्र तिघींची एकच. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं बरंचसं यावरच आहे. फोड ओठावर उठला तर चिडचिड होते, आठ-दहा दिवसांत खपली पडून जातो, डागही राहत नाही. तोच व्हायरस डोळ्याच्या फांदीनं निघाला तर गोष्ट वेगळी होते.

डोळ्याचंच आधी सांगते, कारण त्यात आमच्या धंद्याचाही हात आहे. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, आठवत असेल, शाळेत अर्धी अर्धी पोरं लाल डोळे घेऊन. त्या दिवसांत आमच्या दुकानात रांग लागायची अन् "लाल डोळ्याचे ड्रॉप द्या" म्हटलं की ड्रॉप जायचे, चिठ्ठी कोण विचारतं! त्यातले काही ड्रॉप अँटिबायोटिक अन् स्टेरॉइडचं मिक्स असतात. ते चिठ्ठीशिवाय द्यायचे नसतात हे मला माहीत होतं, आमच्या मालकाला माहीत होतं, तरी गेले. एक ऑटोवाले दादा असेच घेऊन गेले. दोन दिवस बरं वाटलं त्यांना, कारण स्टेरॉइडनं लाली उतरते, दुखणं कमी होतं. दहाव्या दिवशी काळा गॉगल घालून आले, म्हणे "ताई, लालपणा गेला पण धुकं धुकं दिसून राहिलं, अन् हेडलाइटकडं तर पाहताच येत नाही."

मी त्यांना धंतोलीत एका डोळ्याच्या डॉक्टरकडं पाठवलं. तिथं डोळ्यात पिवळं-केशरी रंगाचं थेंबभर औषध टाकतात अन् निळ्या लाइटमध्ये बघतात, जिथं बुबुळाच्या काचेला जखम असेल तिथं तो रंग हिरवा चमकतो. साध्या हर्पीसमध्ये ती जखम झाडाच्या वाळक्या फांदीसारखी दिसते, फांदीला फाटे अन् फाट्याच्या टोकाला बारीक गाठी. दादांच्या डोळ्यात फांदी राहिली नव्हती, ती पसरून एखाद्या तालुक्याच्या नकाशासारखी झाली होती. मोबाइलवर काढलेला फोटो त्यांनी मला दाखवला, मला तो अजून डोळ्यासमोर दिसतो. असं का होतं, तर स्टेरॉइड शरीराच्या पहारेकऱ्याला झोपवतं. साथीच्या साध्या लाल डोळ्यात ते काही दिवस चालून जातं, पण वरच्या थरात हर्पीस चरत असेल तर पहारेकरी झोपला की त्याला रान मोकळं.

मग ओळखायचं कसं? घरी बसून नक्की ओळखता येत नाही, पण काही गोष्टी खटकल्या पाहिजेत. साथीचे डोळे बहुतेक दोन्ही येतात, एकाचा दुसऱ्याला लागतो, सकाळी पापण्या चिकटतात. हर्पीसमध्ये बहुतेक वेळा एकच डोळा, चिपडं कमी अन् पाणी जास्त, उजेड सहन होत नाही, आणि दिसायला अंधुक. आणखी एक विचित्र गोष्ट, काहींना दुखणं वाटतं तेवढं होतच नाही, कारण व्हायरसनं बुबुळाची जाणीवच मारलेली असते. म्हणजे दुखत नाही म्हणून बरं आहे असं समजायचं नाही. एकदा हा प्रकार झाला की परत परत होऊ शकतो, प्रत्येक वेळी थोडा डाग मागं ठेवून जातो, आणि डाग बरोबर मधोमध पडला तर डोळा असून नजर नाही, मग डोळा बदलायची, म्हणजे नेत्रदानातून आलेलं बुबुळ बसवायची वेळ येते. पुढारलेल्या देशांत इन्फेक्शननं बुबुळ खराब होऊन नजर जाण्याचं हे मोठ्यात मोठं कारण आहे.

यात समाधान एवढंच की परत येणं कमी करता येतं. अमेरिकेत डोळ्याच्या हर्पीसवर एक मोठा अभ्यास झाला होता, त्याचा निकाल १९९८ मध्ये आला. डोळ्यात एकदा हर्पीस होऊन गेलेल्या सातशेच्या वर लोकांना घेतलं, अर्ध्यांना वर्षभर रोज दोन वेळा अॅसायक्लोव्हिरची, म्हणजे या व्हायरसवरच्या औषधाची गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली खोटी गोळी. खोटी गोळी घेणाऱ्यांत त्या वर्षात १०० पैकी ३२ जणांचा आजार परत आला, खऱ्या गोळीवाल्यांत १९ जणांचा. शून्य नाही झाला, पण बराच उतरला. आणि बुबुळाच्या आतल्या थरात सूज असेल तर डोळ्याचे डॉक्टर स्वतःच स्टेरॉइड ड्रॉप देतात, सोबत व्हायरसचं औषध लावून. म्हणून कोणी हे वाचून डॉक्टरनं दिलेले ड्रॉप मनानं बंद करू नका. बिनचिठ्ठीचे ड्रॉप मात्र कोणी देऊ नये अन् कोणी मागू नयेत. मी आता देत नाही, त्यावरून मालकाशी दोन वेळा वाजलंही आहे.

दुसरी भलती जागा मेंदू. विदर्भात मेंदूज्वर म्हटलं की लोकांना लगेच डास, डुकरं, पावसाळा आठवतो, आणि चांदीपुरा. चांदीपुरा व्हायरसचं नाव आपल्या नागपूरजवळच्याच गावाचं आहे, १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या दोन पेशंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा सापडला, बालूमाशी चावून पसरतो अन् लहान पोरांना काही तासांत गंभीर करतो. त्याला नेमकं असं औषध नाही. जपानी मेंदूज्वराची लस आहे पण व्हायरस मारणारं औषध नाही. आणि हर्पीसचा मेंदूज्वर? त्याला आहे. म्हणूनच तो ओळखणं इतकं गरजेचं. तो फार क्वचित होतो, १० लाख लोकांत वर्षाला दोन-चार जणांना, आणि त्याला ना सीझन ना वय, डिसेंबरात होईल नाहीतर जूनमध्ये, पोराला होईल नाहीतर आजोबांना. माशी नको, डास नको, शेजारी आजारी असायला नको.

गडबड कुठं होते, तर हा व्हायरस मेंदूचा कानामागचा-कानशिलाचा भाग धरतो, जिथं आठवण, भाषा, वास, भावना यांचं काम चालतं. त्यामुळं पेशंटला ताप, डोकेदुखी तर असतेच, पण घरच्यांना दिसतं ते वेगळंच. शांत माणूस एकदम बडबड करायला लागतो, आईला ओळखत नाही, नसलेला वास येतो म्हणतो, पाच मिनिटांपूर्वी जेवलेलं विसरतो, शब्द भलतेच वापरतो. मग घरातले म्हणतात काहीतरी बाहेरचं झालं, कोणी नारळ उतरवतं, कोणी मानसिक म्हणून झोपेची गोळी देतं, अन् यात दोन दिवस जातात. माझ्या नात्यातच एकीच्या सासऱ्यांचं असं झालं होतं, ते सारखे म्हणत होते की माझा डबा जळून राहिला, ऑफिसला उशीर होतो. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली होती त्यांना. ताप फक्त १०१. मधल्या सुनेनं हट्ट केला म्हणून दवाखान्यात नेलं अन् तिथं जाईपर्यंत फिटचा झटका आला.

ताप अधिक वागणं बदललं, किंवा ताप अधिक झटका, ही जोडी दिसली की थांबायचं नाही, मोठ्या हॉस्पिटलला, नागपुरात असाल तर सरकारी मेडिकल कॉलेजला नाहीतर मेयो हॉस्पिटलला, जे जवळ असेल तिथं तसंच न्यायचं. तिथं एमआरआय करतात अन् पाठीतून पाणी काढून त्याची पीसीआर तपासणी करतात, म्हणजे त्यात व्हायरसचा अंश शोधतात. पाठीतून पाणी काढायचं म्हटलं की नातेवाईक हमखास अडतात, "त्यानं पाय जातात" म्हणतात. पाय जात नाहीत, सुई जिथं टोचतात तिथं मज्जारज्जू संपलेला असतो. आणि चांगले डॉक्टर रिपोर्टची वाट बघत नाहीत, शंका आली की सलाइनमधून अॅसायक्लोव्हिर सुरू करतात, दर आठ तासांनी, १४ ते २१ दिवस. उपचार नसेल तर हर्पीसच्या मेंदूज्वरात १०० पैकी साधारण ७० जण जातात. या औषधानं तो आकडा २०-३० पर्यंत उतरला, लवकर सुरू झालं तर आणखी कमी. जे वाचतात त्यातल्या बऱ्याच जणांची आठवण मात्र पहिल्यासारखी राहत नाही, किंवा फिट्सची गोळी कायमची मागं लागते. आमचे ते काका वाचले. नातवंडांची नावं घेतात, पण सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही.

हे अॅसायक्लोव्हिर आहे तरी काय, हे मला स्वतःला कॉलेजात शिकताना फार आवडलं होतं म्हणून दोन मिनिटं. पोत ओवताना समजा एक मणी असा आला की त्याला एकाच बाजूनं भोक आहे, तर तो धाग्यात जाईल पण त्याच्यापुढं एकही मणी जाणार नाही, पोत तिथंच संपली. व्हायरस स्वतःच्या प्रती काढताना अशीच माळ ओवत असतो, आणि हे औषध म्हणजे तो अर्ध्या भोकाचा मणी. पण खरी हुशारी वेगळीच आहे. हा मणी गोळीत असतो तेव्हा निकामी असतो, त्याला चालू करायला पहिला हात व्हायरसच्याच एका एन्झाइमचा लागतो. म्हणजे ज्या पेशीत व्हायरस काम करतोय तिथंच औषध जागं होतं, बाकी शरीराला फारसा त्रास नाही. या औषधामागच्या कामात असलेल्या गर्ट्रूड एलियन बाईंना १९८८ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्यांच्याकडं पीएचडीसुद्धा नव्हती. आता यावरून हेही कळेल की आजार कायमचा का जात नाही. गाठीत झोपलेला व्हायरस माळ ओवतच नसतो, मग मणी अडकणार कुठं? अन् हेही कळेल की फोड पूर्ण फुलल्यावर ट्यूब चोपडून उपयोग का होत नाही, तोवर त्याचं ओवून झालेलं असतं. उपयोग आहे तो चुरचुर सुरू झाल्या झाल्या, पहिल्याच दिवशी. आणि सलाइनमधून देताना पाणी भरपूर द्यावं लागतं, नाहीतर त्याचे खडे किडनीत बसतात, म्हणून हे घरी सलाइन लावून घ्यायचं औषध नाही.

तिसरी जागा, तान्हं बाळ. याच्याबद्दल मी काउंटरवर वाईटपणा घेते अन् घेत राहणार. पहिल्या महिन्या-दीड महिन्यात बाळाची स्वतःची ताकद इतकी कमी असते की मोठ्यांच्या ओठावर जो फोड खपली धरून जातो तोच बाळाच्या लिव्हरमध्ये, फुप्फुसात, मेंदूत पोचू शकतो. जगात अंदाजे १० हजार बाळंतपणांत एखाद्या बाळाला होतो, म्हणजे फार नाही, पण अंगभर पसरलेला प्रकार उपचाराविना राहिला तर १०० पैकी ८५ बाळं जातात. आणि फोड दिसतीलच असं नाही, इथंच सगळे फसतात. बाळ दूध ओढत नाही, सारखं झोपून राहतं, अंग तापतं किंवा उलट गार पडतं, झटका येतो. "दृष्ट लागली" म्हणून मीठ-मोहरी ओवाळत बसायची ही वेळ नाही.

लागतो दोन वाटांनी. एक, आईला बाळंतपणाच्या वेळी कमरेखाली हर्पीसचे फोड असले तर. त्यातही फरक आहे. आईला जुनाच आजार असेल तर तिच्या रक्तातल्या अँटिबॉडी बाळाकडं गेलेल्या असतात, धोका फार कमी. पण शेवटच्या तीन महिन्यांत तिला पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला लागायची शक्यता १०० मध्ये ३० ते ५० पर्यंत जाते. म्हणून गरोदर बाईनं हे डॉक्टरपासून लपवू नये, वेळ आली तर गोळ्या देता येतात, सिझेरियन करता येतं. दुसरी वाट आपली सगळ्यांची, पापे. पाचवीला, बारशाला जो येतो तो बाळाच्या गालाला तोंड लावतो. मागच्या वर्षी जावेच्या नातीचं बारसं नेमकं नवतप्यात आलं अन् माझा ओठ फुललेला, मी दुपट्टा बांधून दारातूनच पाळणा बघितला. घुगऱ्या पिशवीत घेऊन परत आले. जाऊबाई चार महिने बोलल्या नाहीत. आईच्या ओठावरच फोड असेल तर दूध तोडायचं नाही बरं का, दुधातून हा जात नाही, मास्क लावायचा, हात धुवायचे अन् फोड वाळेस्तोवर पापा घ्यायचा नाही. छातीवरच फोड असेल तर त्या बाजूचं दूध पाजायचं नाही अन् डॉक्टरला दाखवायचं.

यालाच लागून एक तक्रार. दोन वेळा गर्भ पडलेल्या पोरींना कोणीतरी टॉर्च नावाची रक्ततपासणी लिहून देतं, त्यात इतर चार गोष्टींसोबत हर्पीसही असतो, आणि रिपोर्टवर ठळक अक्षरात पॉझिटिव्ह छापून येतं. पोरगी रडत रडत माझ्याकडं रिपोर्ट घेऊन येते. अगं, जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांचा तो पॉझिटिव्हच येणार! आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी व्हायरस भेटून गेला, एवढंच. आयजीएमवर, म्हणजे ताज्या लागणीची खूण मानतात त्या अँटिबॉडीवर, तर हर्पीसच्या बाबतीत भरवसाच ठेवता येत नाही, जुन्या आजारातही येतं अन् खोटंही येतं. परत परत गर्भ पडण्याचं कारण हर्पीस नसतो अन् त्यासाठी ही तपासणी करायचीही गरज नसते. या एका कागदावरून सासरी काय काय ऐकलेल्या मुली मला माहीत आहेत.

आता बाकीचं भराभर. ज्या पोरांना एक्झिमा आहे, कोपराच्या आत, गुडघ्यामागं कातडी खरखरीत अन् खाजरी, त्यांची कातडी म्हणजे कुंपण तुटलेलं शेत. त्यावर हा व्हायरस पडला तर एका दोन दिवसांत शेकड्यानं एकसारखे फोड, मग पंचनं गोल पाडल्यासारख्या जखमा, सोबत ताप. ही इमर्जन्सी आहे, अन् लोक नेमकं त्यावर ती चार औषधं एकत्र असलेली ट्यूब लावतात, जिच्यात स्टेरॉइड असतंच. एक-दोन वर्षांच्या पोराला पहिली लागण होते तेव्हा हिरड्या सुजून लाल, तोंडभर फोड, लाळ गळते, ताप, अन् पोरगं पाणीही पीत नाही. यात खरा धोका पाणी कमी पडण्याचा. सहा-आठ तास लघवी झाली नाही तर दवाखाना. आजीचा टाकणखार अन् मध त्या तोंडात घालू नका.

बोटाला होतो तो नखुर्ड्यासारखा दिसतो, ठणकतो, आणि लोक ब्लेडनं चिरा देतात. आत पू नसतोच, चिरल्यावर उलट जास्त पसरतं. अंगठा चोखणारी पोरं, दाताचे डॉक्टर, नर्स यांना होतो. काहींना ओठावरचा फोड गेल्यावर आठवड्या-दीड आठवड्यानं तळहातावर, कोपरावर गोल चट्टे उठतात, कॅरमबोर्डच्या मधल्या गोलासारखे, वर्तुळात वर्तुळ. ते बहुतेक आपसूक जातात, पण दर वेळी होत असेल तर स्किनवाल्यांना दाखवावं. एका बाजूनं तोंड वाकडं होतं, ज्याला लोक वारं गेलं म्हणतात, त्यातल्या काही केसमागंही हाच असावा असा तज्ज्ञांचा संशय आहे. त्यात पहिल्या तीन दिवसांत डॉक्टरनं दिलेलं स्टेरॉइड कामाचं असतं. बघा, डोळ्यात जे विष ठरलं तेच इथं औषध.

ज्यांची ताकदच कमी झालीय, किमो चालू आहे, किडनी बदललीय, एचआयव्ही आहे, त्यांना हे फोड आठ-दहा दिवसांत जात नाहीत, महिना महिना चरतात, अन्ननलिकेत उतरतात, घास गिळताना छातीत आग होते. त्यांनी "नेहमीचाच आहे" म्हणून थांबू नये.

आणि कमरेखालचा. बायका येतात, दुकानात पुरुष गिऱ्हाईक असेल तर बाजूला उभ्या राहतात, मग हळूच म्हणतात "ताई, लघवीच्या जळजळीचं सिरप द्या." तीन-चार प्रश्न विचारले की कळतं की जळजळ आत नाही, बाहेर फोड फुटलेत अन् त्यावर लघवी लागून आग होतेय. सिरपनं काही होणार नसतं. पहिल्या वेळेला हे इतकं दुखू शकतं, किंवा खालच्या नसा इतक्या सुजू शकतात, की लघवीच तुंबते अन् नळी टाकावी लागते. दोन नंबरचा व्हायरस काहींना मेंदूच्या आवरणाची सूज देतो, डोकं प्रचंड दुखतं, मान आखडते, बरं होतं, काहींना परत परत होतं. अंगात दोन नंबर असेल तर एचआयव्ही लागायचा धोका साधारण तिप्पट होतो, कारण दार आधीच उघडं असतं. कंडोमनं लागण कमी होते पण पूर्ण थांबत नाही, कातडी जेवढी झाकली तेवढीच. आणि फोड नसतानाही तो अधूनमधून कातडीवर येऊन जातो, त्यामुळं "तुझ्यामुळंच झालं" हे भांडण पुराव्यानिशी कोणी जिंकू शकत नाही, लागण दहा वर्षं जुनीही असू शकते. लस अजून नाही, नागिणीची लस बाजारात आहे ती याच्यावर चालत नाही.

त्या ऑटोवाल्या दादांच्या डोळ्याचं नंतर तीन वेळा उलटलं. आता त्यांना वर्षभराची गोळी लावली आहे, दिवसाला दोन, महिन्याच्या साठ. परवा आले तेव्हा म्हणाले, "ताई, सहा महिने झाले, आता काहीच तर होऊन नाही राहिलं, बंद करू का?" मी त्यांना खिशातली चिठ्ठी काढायला लावली, घामानं अर्धी पुसलेली, त्यावर डॉक्टरांनी एक वर्ष असं लिहून खाली दोन रेघा मारलेल्या होत्या. त्यांनी डाव्या डोळ्यानं वाचली, उजव्यानं अजून बारीक अक्षर दिसत नाही. मग म्हणाले, "द्या मंग," अन् मी सहा पाकिटं मोजून दिली.